चाकाची परीक्षा : बंडीच्या धावेपासून जुन्या अलॉय चाकापर्यंत

माठ विकत घेताना आपण तो वाजवून घेतो. खणखणीत आवाज आला तर पैसे देतो, बद्द आला तर माठ परत ठेवतो. जुने चाक घेतानाही माणसे हेच करीत आली आहेत. ही परीक्षा कुठे पुरते आणि कुठे अपुरी पडते, हे कळायला मात्र पुष्कळ माणसांचे प्राण जावे लागले. ती हकीकत येथे सांगायची आहे.

निमित्त अगदी रोजचे आहे. अकोला-अमरावतीकडे सेकंडहँड मोटार घेणाऱ्यांची संख्या आता कमी नाही आणि त्यांत शिक्षकही पुष्कळ आहेत. मोटारीची मूळची पत्र्याची चाके काढून त्या जागी चकचकीत अलॉय चाके बसवावीत अशी हौस असते. नवा संच महाग म्हणून वापरलेला शोधला जातो. दुकानात चार चाके ओळीने मांडलेली असतात, बहुधा नुकतीच रंगवलेली. गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारते : आमच्या गाडीला बसतील का, आणि केवढ्याला देता? हे चाक किती फिरले आहे आणि कशातून गेले आहे, हा तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारला तरी दुकानदाराला त्याचे उत्तर ठाऊक नसते. चाकाच्या परीक्षेचा इतिहास म्हणजे बहुतांशी या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

सुरुवात बंडीपासून करू. वऱ्हाडात मालाच्या बैलगाडीला बंडी म्हणतात. तिचे चाक वाढई करी आणि त्यावर धाव लोहार चढवी. मधोमध तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे, म्हणजे वर्तुळाचे लाकडी तुकडे, आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लाकूड बाभळीचे, तिवसाचे. धाव मुद्दाम चाकाच्या परिघापेक्षा थोडी आखूड ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, सांडशींनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सारे सांधे करकचून बसतात.

वर्गात याचे गणित करण्यासारखे आहे. चाकाचा व्यास १.२ मीटर धरला तर परीघ सुमारे ३.७७ मीटर होतो. लोखंड एक अंश सेल्सियसने तापले की दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते. तापमान ६०० अंशांनी वाढवले तर धाव सुमारे २७ मि.मी. लांब होते. म्हणजे लोहाराला जवळजवळ एक इंच उसंत मिळते. त्याला प्रसरणांक माहीत नव्हता, पण किती आखूड ठेवायची हे बरोबर माहीत होते.

आता जुनी बंडी विकत घेणारा शेतकरी चाकाकडे कसा पाही ते बघा. बंडीची एक बाजू टेकूवर उचलून तो चाक फिरवी आणि एका जागी काडी धरी. चाक झोल खात असेल तर काडी आणि धाव यांच्यातली फट दर फेऱ्याला कमी-जास्त होई. मग चाक दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवी. त्यावरून तुंब्यातली आवण, म्हणजे आस ज्यात फिरतो ती लोखंडी नळी, किती झिजली ते कळे. नंतर धावेवर ठिकठिकाणी हातोडी मारून आवाज ऐके. घट्ट बसलेली धाव एक आवाज देते, ढिली धाव दुसरा. उन्हाळ्यात वऱ्हाडची कोरडी हवा लाकूड आकसवते आणि धाव ढिली पडते. तेव्हा विकणारा धावेखाली पाचरी ठोकून वेळ मारून नेई. म्हणून घेणारा पाचरी शोधी. चाकाला ताजा गेरू किंवा डांबर फासलेले दिसले, तर शहाणा माणूस तिथेच नखाने खरवडून पाही.

फिरवणे, हलवणे, वाजवणे, खरवडणे. यापेक्षा निराळे आजही फारसे काही करायचे नसते. पण बंडीच्या चाकाचा एक गुण होता. ते मोडण्याआधी बराच काळ कुरकुरे. लाकूड चिरे, सांधे हलत, आवाज बदले. शिवाय बंडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. चाक मोडलेच तर बंडी काळ्या मातीत कलंडे, कापूस चिखलात जाई, बैलांना इजा होई. माणूस बहुधा वाचे.

तो कापूसच वऱ्हाडात दुसऱ्या जातीचे चाक घेऊन आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असे करीत १८६७ साली नागपूरला पोचला. आगगाडीचे चाक लोखंडाचे, न कुरकुरणारे आणि मजबूत दिसणारे. गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस डब्यांच्या कडेने चालत प्रत्येक चाकावर टोला देत जाई. जुन्या पिढीतील प्रवाशांना तो आवाज आठवत असेल. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणाऱ्या ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झाले होते आणि ते एप्रिल १९९४ पर्यंत चालले. वाफेच्या इंजिनांच्या चाकांवर पोलादी धाव चढवलेली असते आणि तीही तापवूनच. लोहाराचीच युक्ती, फक्त गोवऱ्यांऐवजी भट्टी.

मग या मजबूत चाकाला रोज टोले का द्यायचे? याचे उत्तर मिळण्याची सुरुवात वऱ्हाडात रेल्वे येण्याच्या पंचवीस वर्षे आधी, फ्रान्समध्ये झाली होती. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायचा राजोत्सव पाहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मूदों गावाजवळ तुटला. मागचे डबे इंजिनावर चढले, पेटले. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासाहून अधिक माणसे मेली. दक्षिण ध्रुवाकडच्या सफरीवरून सुखरूप परतलेला दर्यावर्दी ड्यूमाँ द्युर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्यात जळाला.

तुटलेल्या आसावर फार भार पडला होता असे नव्हते. जो भार त्याने असंख्य वेळा पेलला होता त्याच भाराने तो तुटला. तुटलेल्या जागी धातू खरबरीत, साखरेच्या खड्यासारखा दिसे. त्यावरून पुष्कळांनी असे ठरवले की हादऱ्यांमुळे लोखंडातले तंतू जातात आणि ते ‘स्फटिकमय’ होते. हे चूक होते, कारण लोखंड मुळातच स्फटिकांचे बनलेले असते. स्कॉटलंडचा विल्यम रँकिन त्या वेळी जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्याने तुटलेले आस बारकाईने पाहिले आणि दाखवून दिले की आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक तडा सुरू होतो. तो दिवसेंदिवस आत सरकतो आणि उरलेला धातू भार पेलेनासा झाला की आस एका क्षणात तुटतो. कोपरा काटकोनी न ठेवता गोलसर करा, असा त्याचा सल्ला होता. १८५४ साली फ्रेडरिक ब्रेथवेट याने या प्रकाराला ‘फटीग’, म्हणजे थकवा, हा शब्द छापील लेखात वापरला. मराठीत आपण श्रांती म्हणतो. शब्द थोडा फसवा आहे. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो, पण धातूची श्रांती विश्रांतीने जात नाही. वर्षभर पडून राहिलेल्या चाकातला तडा जिथे होता तिथेच असतो.

यापुढचे काम जर्मनीतील ऑगस्ट व्होलर याचे. हा रेल्वेचा अभियंता ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट येथील कार्यशाळेचा प्रमुख होता. त्याने आधी धावत्या गाडीच्या आसावर प्रत्यक्षात किती ताण येतो ते मोजले. मग एक साधे यंत्र केले. आसाचा तुकडा एका टोकाला पकडायचा, दुसऱ्या टोकाला वजन लावायचे आणि तुकडा फिरवत ठेवायचा. वजन खाली ओढत असते म्हणून तुकड्याची वरची बाजू ताणलेली आणि खालची दाबलेली असते. अर्धा फेरा झाला की ताणलेली बाजू खाली येऊन दाबली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला धातूचा प्रत्येक कण एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. तुकडा तुटेपर्यंत किती फेरे झाले ते व्होलर मोजत राहिला. वजन कमी केले की फेरे वाढत. काही तुकडे लाखो फेरे टिकले, काही कोट्यवधी. १८७० पर्यंत त्याने आपले निष्कर्ष मांडले. त्यांतला महत्त्वाचा निष्कर्ष असा की लोखंड-पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर तुकडा जणू कधीच तुटत नाही. पोलादाची ही मर्यादा लक्षात ठेवावी, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

आता टोल्याकडे वळू. अखंड चाकावर टोला मारला की ते सगळे एकसंध कंप पावते आणि आवाज काही काळ घुमतो. मोठा तडा असेल तर तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंपनाची ऊर्जा तिथे उष्णतेत जाते आणि आवाज लगेच मरतो. माठाचेही हेच. पण घुमणारा आवाज चाकाच्या सबंध आकारावर आणि वस्तुमानावर अवलंबून असतो. त्यात तीन-चार मिलिमीटरचा तडा असला काय आणि नसला काय, कानाला फरक कळत नाही. शिवाय ज्या चाकावर धाव वेगळी बसवली आहे त्यात तडा आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने निघू शकतो.

हे कागदावरचे तर्क नव्हेत. २४ डिसेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नाताळच्या गर्दीमुळे ऑक्सफर्डला एक जुना चार चाकी डबा गाडीला जादा जोडला गेला. थोड्याच अंतरावर शिप्टन येथे त्या डब्याच्या चाकाची धाव तुटली आणि ३४ माणसे गेली. धाव रिबिटांनी ठोकून बसवलेली होती आणि रिबिटाच्या भोकापाशीच ती फुटली. रँकिनच्या कोपऱ्यासारखेच भोकही ताण एकवटण्याची जागा असते. या प्रकारची धाव त्यानंतर मोडीत निघाली. पण सव्वाशे वर्षांनी, ३ जून १९९८ रोजी, जर्मनीतच एशेडे येथे ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकाची पोलादी धाव तुटली. धाव आणि चाक यांच्यामध्ये हादरे कमी करण्यासाठी रबराचा थर होता. श्रांतीचा तडा धावेच्या आतल्या पृष्ठभागावर, रबराच्या बाजूला वाढत गेला होता. १०१ माणसे मेली. व्होलरच्या देशात हे घडावे याची रुखरुख वाटते.

रेल्वेने यातून दोन गोष्टी शिकल्या. एक, डोळा आणि कान यांच्यापलीकडची तपासणी : चुंबकीय कणांची, श्रवणातीत ध्वनीची. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक मोलाची आहे. ती म्हणजे प्रत्येक चाकाची नोंद. बंगलोरजवळ येलहंका येथे १९८४ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या चाक कारखान्यात ओतलेल्या चाकावर त्याची ओळख सांगणारे आकडे कोरलेले असतात. ते कुठल्या ओतातले, केव्हाचे हे त्यावरून कळते. चाक झिजून ठरावीक व्यासाखाली गेले की ते बाद होते, मग ते कितीही चांगले दिसो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रेल्वेपाशी लिहिलेले असते. मोटारीचे जुने चाक विकणाऱ्यापाशी ते नसते.

जुनी चाके विकत घेण्याचा रिवाज वऱ्हाडाला नवा नाही. हवेच्या टायरच्या बैलगाड्या आल्या तेव्हापासून तो आहे. अशा गाडीला कितीतरी ठिकाणी कंपनीच्या नावावरून ‘डनलप’ म्हणत. नवे साहित्य महाग पडे म्हणून भंगारात निघालेल्या मोटारीची चाके आणि आस घेऊन लोहार बंडीखाली बसवू लागले. हा व्यवहार चालून गेला, कारण ती चाके पत्र्याची, म्हणजे पोलादाची होती आणि बैलाच्या वेगाने फिरत होती. व्होलरची मर्यादा तिथे पाठराखण करीत होती. पत्रा खड्ड्यात आपटला तर वाकतो. वाकलेले दिसते, ठोकून सरळही करता येते.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक एत्तोर बुगाटीने १९२४ साली आपल्या शर्यतीच्या गाडीला बसवले. घराघरातल्या मोटारींवर ते यायला पुष्कळ काळ जावा लागला. आज बहुतेक ओतीव चाके ज्या मिश्रधातूची असतात त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. ओतल्यावर चाक सुमारे ५४० अंशांवर काही तास ठेवतात, पाण्यात विझवतात आणि नंतर १५० ते १६० अंशांवर पुन्हा तापवतात. या शेवटच्या पायरीत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि त्यांच्यामुळे बळकटी येते. आपल्या लोहाराच्या ‘पाणी देण्या’शी याचे नाते दूरचे आहे, पण आहे.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की ॲल्युमिनियमला पोलादासारखी श्रांतीची मर्यादा नसते. ताण कितीही कमी असला तरी फेऱ्यांची संख्या पुरेशी झाली की कधीतरी तडा जाणारच. चांगला कारखाना म्हणून चाक इतके जाड ठेवतो की ते ‘कधीतरी’ गाडीच्या आयुष्यापलीकडे जावे, आणि तसे ते जाते की नाही हे पाहायला नमुन्याचे चाक फिरत्या वाकाच्या यंत्रावर लावतो. हे यंत्र म्हणजे व्होलरच्याच यंत्राचा थोरला अवतार. दुसरी अडचण अशी की वाकलेले अलॉय चाक कोणी गॅसच्या ज्योतीवर तापवून सरळ केले, किंवा त्यातली चीर वेल्डिंगने भरली, तर ते सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होतात आणि बळकटी जाते. चाक गोल दिसते, पण त्या जागी धातू मऊ झालेला असतो. वर रंग मारला की बंडीच्या गेरूचे काम पुरे होते.

फेऱ्यांचा अंदाज घ्या. लहान मोटारीचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सव्वापाचशे फेरे. अकोला ते अमरावती सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे एका खेपेला बावन्न हजारांवर फेरे. लाख किलोमीटर चाललेल्या चाकाने सव्वापाच कोटी वेळा ताण-दाब सोसलेला असतो. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम झाला. त्याआधीचे खड्डे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको की सव्वापाच कोटींतले काही फेरे साधे नव्हते. आणि आता जवळच समृद्धी महामार्ग आहे. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. बंडीच्या वेगाला चालून जाणारी चूक या वेगाला चालत नाही.

मग घेणाऱ्याने करावे काय? पहिली मागणी ही की चाकावरचा टायर काढून दाखवा. दुकानदार कुरकुर करील, पण टायर बसलेल्या चाकाची परीक्षा होत नाही. टायर आवाज दाबतो आणि आतली कड झाकतो. खड्ड्याचा मार बहुधा याच आतल्या कडेला बसतो आणि पुढून ती दिसत नाही. चाक रॉकेलने धुऊन पाठीमागून बघावे. आरा जिथे मधल्या तबकडीला मिळतो तो कोपरा, बोल्टांची भोके आणि आतली कड या तीन जागांना सर्वांत जास्त वेळ द्यावा. रँकिनचा कोपरा आणि शिप्टनचे भोक हीच ती ठिकाणे. भोके लांबट झाली असतील तर चाक कधीतरी ढिल्या बोल्टांवर धावले आहे असे समजावे आणि ते सोडून द्यावे. रंगाचा थर एके ठिकाणी जाड, कानसीच्या रेघा, वेल्डिंगचा उंचवटा, यांतले काही दिसले तरी तेच. याबाबत मी भीड ठेवू नये या मताचा आहे. वेल्डिंग चांगले झाले की वाईट, हे दुकानात उभे राहून सांगता येत नाही.

त्यानंतर चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून बाजूला स्थिर टोक धरावे. बंडीच्या काडीचेच काम. फट मिलिमीटरभराहून जास्त बदलली तर चाक वाकले आहे. दोरीला टांगून लाकडी मोगरीने वाजवूनही पाहावे. बद्द आवाज आला तर चाक नाकारावे, पण आवाज खणखणीत आला म्हणून स्वीकारू नये. कानाची सत्ता एवढीच आहे.

‘बसेल का’ हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास जुळला पाहिजे. चार भोके असतील तर समोरासमोरच्या भोकांच्या केंद्रांतले अंतर म्हणजे तो व्यास. पाच भोकांत समोरासमोर भोक नसते, तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. हा आकडा कुठून येतो ते नववी-दहावीच्या मुलांना काढायला सांगावे (३६ अंशांच्या कोनाची ज्या घ्यावी लागेल). फियाट पॅलिओचे वर्तुळ ९८ मि.मी. आणि मारुती स्विफ्टचे १०० मि.मी. या दोन मिलिमीटरच्या फरकाने चाक ओढूनताणून बसते, पण बोल्ट तिरपे आवळले जातात आणि दर फेऱ्याला वाकतात. व्होलरचा प्रयोग मग रस्त्यावर सुरू होतो.

चाकाच्या पाठीमागे पाहताना कोरलेली अक्षरेही वाचावीत : रुंदी-व्यास, किती भार पेलण्यासाठी केले आहे तो आकडा, ओतल्याचे वर्ष, आपले आय.एस.आय. किंवा जपानी जे.डब्ल्यू.एल. यांसारखे चिन्ह. काहीच कोरलेले नसेल, किंवा होते ते घासून काढलेले दिसले, तर तिसऱ्या प्रश्नाचे जे थोडेफार उत्तर मिळायचे तेही गेले.

शेवटी एक जुनी युक्ती, कारण ती शाळेत करता येते. रेल्वेच्या कार्यशाळांत पूर्वी आस तपासताना ते तेलात बुडवून ठेवीत, मग कोरडे पुसून वर खडूची किंवा चुन्याची पूड फासत. तड्यात शिरलेले तेल केशाकर्षणाने पुडीत चढे आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटे. १९४० च्या दशकात अमेरिकेत स्विट्झर बंधूंनी तेलाऐवजी चमकणारा रंग वापरला आणि त्यातून आजची पेनिट्रंट तपासणी आली. तडकलेली चिनी मातीची बशी घ्या. शक्यतो चकाकीचा थर नसलेल्या बाजूने नको, ती बाजू सगळीच तेल पिते. चकाकीच्या बाजूवर थोडे रॉकेल निळीत कालवून लावा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि फळ्याच्या खडूची बारीक पूड भुरभुरा. हाताला न लागणारी चीर मुलांना काही मिनिटांत दिसू लागेल. हेच रॉकेल आणि हाच खडू जुन्या चाकाच्या बोल्टांच्या भोकांभोवती वापरता येतो. फक्त आधी तिथला रंग खरवडून काढावा लागतो आणि त्याला दुकानदाराची परवानगी लागते.